‘स्लॅक’: एका शब्दाच्या कामाच्या नोंदी

३ जून

‘एस’ अक्षराचा गठ्ठा आज ताब्यात आला आणि पहिल्याच फेरीत ‘स्लॅक’ हाताला लागला. आमच्या इंग्रजी-मराठी कोशाच्या जुन्या आवृत्तीत त्याच्यापुढे एकच ओळ आहे: सैल, ढिला, सुस्त, मंद. यात चूक काही नाही. पण आज हा शब्द शोधणारा माणूस बहुधा एखाद्या बैठकीतून उठून आलेला असतो. तिथे कुणीतरी म्हणालेलं असतं, या कामात चार दिवसांचा स्लॅक आहे. त्याला ‘सैल’ वाचून काय कळणार? चार दिवस सैल?

वेळापत्रक: लिहायला तीन दिवस, तपासायला एक, शिवाय दोन दिवस हाताशी. ८ तारखेला शब्द बंद.

शब्दाचे वापर टिपलेल्या चिठ्ठ्या मोजल्या, ६४ भरल्या. टेबलावर ढीग लावले: दोरी-तारांचा, माणसांचा, वेळेचा, गणिताचा, यंत्रांचा, पाण्याचा, कपड्यांचा. कोळशाच्या तीन चिठ्ठ्या निघाल्या. त्यांतल्या एकीवर मी घाईघाईत ‘मंदीच्या काळातला कोळसा’ असं लिहून टाकलं. बरोबर वाटत नाही, पण पुढे बघू.

४ जून

आधी मराठी बाजू साफ करून घ्यायची ठरवली. सैल, ढिला आणि शिथिल हे तीन शब्द आपण एकाच डब्यात टाकतो, पण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

‘पकड’ घेऊन बघितलं. ‘पकड सैल केली’ म्हटलं की माणसाने ठरवून केली. ‘पकड ढिली पडली’ म्हटलं की त्याच्या हातून गेली. लगामाचंही तेच, सैल सोडतात आणि ढिला पडतो. पट्टा सैल करून माणूस सुस्कारा टाकतो, स्क्रू ढिला झाला की शिव्या घालतो. म्हणजे सैलपणात थोडी सोय आहे, ढिलेपणात दोष. ‘ढिसाळ’पर्यंत गेलं की उरलीसुरली सहानुभूतीही संपते. शिथिल हा लेखी व्यवहारातला. नियम शिथिल होतात, गात्रं शिथिल होतात. ‘नियम ढिले केले’ असं परिपत्रकात कुणी लिहिणार नाही, बाहेर येऊन मात्र तसंच म्हणतील.

या सगळ्याला छेद देणारा शब्द म्हणजे ‘ढील’. ढिला हा दोष, पण ढील मात्र द्यायची वस्तू. पतंगाला दिली तर कौशल्य, पोराला दिली तर लाड. इंग्रजीत कुणाला ‘स्लॅक’ देतात तो नेमका हाच, आणि तिथेही दोरच मनात असतो. एक अर्थ तरी आयता मिळाला.

संध्याकाळी मुळांकडे गेले. संस्कृत शिथिल, प्राकृतात सिढिल, त्याच्या सुरुवातीचा आवाज झिजून आपला ढिला. आणि ‘सढळ’सुद्धा याच घरातला! सढळ हाताने देणारा म्हणजे ज्याच्या हाताची मूठ सैल आहे तो. एकाच शब्दाचा एक मुलगा ढिला निघाला, दुसरा सढळ. हे ‘स्लॅक’च्या नोंदीत कुठे बसणार नाही, पण वहीत राहू दे.

५ जून

इंग्रजी मूळ. जुन्या इंग्रजीत ‘स्लॅक’ हे विशेषण आधी माणसाला लागत होतं: निष्काळजी, संथ, आळशी. दोरीला ते नंतर लागलं. माझा समज उलटा होता. आधी दोरी, मग माणसावर रूपक, असं धरून मी अर्थांचा क्रम लावला होता. क्रम मोडला.

लॅटिन ‘लॅक्सस’ त्याचा दूरचा चुलतभाऊ. म्हणजे रिलॅक्स, रिलीज, लॅक्सेटिव्ह, एवढंच काय भाडेपट्ट्याचा ‘लीज’, हे सगळे एका मांडवातले. लीजमध्ये जमीन ‘सोडलेली’ असते, हे लक्षात आलं की पटतं.

पण आजचा खरा लाभ म्हणजे ‘स्लेक’. तहान भागवणे या अर्थाचं हे क्रियापद ‘स्लॅक’पासूनच निघालंय. तहान ताणलेली असते, पाण्याने ती सैलावते. चुन्यालाही हेच क्रियापद लागतं. कळीच्या चुन्यावर, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइडवर, पाणी टाकलं की तो फसफसतो, तापतो, फुटतो आणि शेवटी मऊ भुकटी होऊन बसतो. तो झाला कॅल्शियम हायड्रॉक्साइड. इंग्रजीच्या लेखी चुना तेव्हा सैल पडला. आपल्याकडे तो ‘विरी जातो’. शाळेच्या पुस्तकात ‘विरी गेलेला चुना’ पाठ केला होता, तेव्हा हा शब्दप्रयोग कधी नीट ऐकला नव्हता. आज ऐकला. ‘स्लेक’च्या कार्डावर लगेच लिहून ठेवला.

६ जून

दिवस दुसऱ्या कामात गेला. एकही ओळ नाही.

८ जून

आज शब्द बंद व्हायचा होता. त्याऐवजी मी भिंतीत खिळे ठोकत होते.

कारण असं. दोरीच्या ढिगात ‘झोळ’ हा मराठी शब्द मला फार आवडला होता आणि तोच पहिल्या अर्थाला द्यायचा विचार होता. तांत्रिक शब्द बघणारा सहकारी म्हणाला, “ताई, झोळ म्हणजे सॅग. स्लॅक वेगळा.” मला फरक पटेना. तो म्हणाला, मोजून बघा.

दोन खिळ्यांमध्ये बरोबर ४ मीटर अंतर. सहजी न ताणला जाणारा जाड दोरा, खिळ्यापासून खिळ्यापर्यंत ४ मीटर १ सेंटिमीटर. मधोमध किल्ल्यांचा जुडगा लटकवला. दोरा किती खाली यावा? मी म्हटलं, दोन-तीन सेंटिमीटर. पट्टी लावली तर १७! गाठी नीट आवळल्या नव्हत्या. पुन्हा बांधला, तरी १४. सहकाऱ्याने पायथागोरस मांडला: दोऱ्याचा अर्धा भाग २००.५ सेंटिमीटर, अंतराचा अर्धा भाग २००, तिसरी बाजू १४.१५. म्हणजे जास्तीचा दोरा एक सेंटिमीटर आणि झोळ चौदा.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. स्लॅक म्हणजे तो एक सेंटिमीटर. जो दिसतो तो झोळ, जो दोऱ्यात असतो तो स्लॅक.

मग त्याने दुसरी गंमत दाखवली. एवढा झोळ असताना दोऱ्यावरचा ताण जुडग्याच्या वजनाच्या सुमारे सातपट असतो. जास्तीचा दोरा एक सेंटिमीटरऐवजी एकच मिलिमीटर ठेवला तर झोळ साडेचार सेंटिमीटरवर येतो आणि ताण जातो २२ पटीवर. दोरा अगदी ताठ, मध्ये वजन, तरी सरळ रेषेत, असं कुठल्याच ताकदीने करता येत नाही, आधी दोरा तुटेल. खांबावरच्या विजेच्या तारा लोंबत्या का ठेवतात त्याचं उत्तर इथेच आहे. शिवाय थंडीत तार आखडते, तेव्हा तिला आखडायला काहीतरी हवं.

आता मराठी काय द्यायचं? ‘जास्तीची लांबी’ हे बरोबर आहे, पण बोलीत ते कुणी म्हणत नाही. लोक ‘दोर ओढून घे’ म्हणतात आणि त्या ओढून घेण्यात स्लॅक गेलेला असतो. जे काढून टाकायचं त्याला वेगळं नावच नाही. इंग्रजीतला हाच प्रयोग लाक्षणिक अर्थाने येतो, म्हणजे कुणी कमी पडलं आणि दुसऱ्याने ते ओढून घेतलं, तेव्हा मराठी चोख आहे: कसर भरून काढणे. तिथे दोर लागतच नाही.

१० जून

यंत्रांचा ढीग. लवकर उरकला.

पट्ट्याने चालणाऱ्या यंत्रात एक बाजू ताणलेली, एक सैल. आडव्या पट्ट्यात सैल बाजू वर ठेवतात, कारण ती खाली झोळ देते आणि पट्टा चाकाला जास्त कवेत घेतो, पकड वाढते. साखळीत उलटं, सैल बाजू खाली. सायकलकडे बघितलं की खात्री पटते: पॅडल वरची साखळी ओढतं, खालची लोंबते.

ट्रकच्या आणि रेल्वेच्या ब्रेकमध्ये ‘स्लॅक ॲडजस्टर’ असतो. लायनिंग झिजत जाते, मधली फट वाढते, ब्रेक लागायला दांडा जास्त सरकावा लागतो. ती फट हा भाग भरून काढतो. इथे मराठी शब्द बनवण्याचा हट्ट नको. गॅरेजमध्ये जे म्हणतात तेच देवनागरीत.

मालगाडीने मात्र थोडं थांबवलं. दोन डब्यांमधल्या जोडणीत जरा मोकळीक असते. समजा प्रत्येक जोडणीत फक्त २ सेंटिमीटर धरली, तर ५० जोडण्यांची मिळून एक मीटर. इंजिन सुटतं तेव्हा सगळी गाडी एकदम हलत नाही. पहिला डबा, मग दुसरा, मग तिसरा, खडखड करत ओळीने. जड गाडी जागची हलवायला याचा उपयोग होतो. ब्रेक लागला की तीच मोकळीक मागून धावत येते आणि चालकाने हात सांभाळला नाही तर जोडणी तुटते. सोयही तीच आणि धोकाही तोच. ‘मोकळीक’ या अर्थाला हे उदाहरण पक्कं.

१२ जून

वेळापत्रकाप्रमाणे चार दिवस उशीर. संपादकांचा फोन. “अहो, ही कोशातली नोंद आहे की प्रबंध?” मी म्हटलं, “सर, वेळेचा ढीग बाकी आहे.” ते म्हणाले, “तो तुमच्याकडे दिसतोच आहे.”

१३ जून

वेळेचा ढीग, म्हणजे सगळ्यांत जास्त विचारला जाणारा अर्थ.

१९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत मोठ्या कामांचं नियोजन करण्याच्या दोन पद्धती जवळपास एकाच वेळी आल्या. ड्युपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांकडून सीपीएम (क्रिटिकल पाथ मेथड), आणि नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामातून पर्ट. पर्टवाले ‘स्लॅक’ म्हणत, सीपीएमवाले ‘फ्लोट’. आज दोन्ही शब्द सरमिसळ चालतात.

हिशेब सोपा आहे. एखादं काम लवकरात लवकर कधी सुरू करता येईल आणि उशिरात उशिरा कधी सुरू केलं तरी चालेल, या दोन तारखांमधलं अंतर म्हणजे त्या कामाचा स्लॅक. ज्या कामांचा स्लॅक शून्य, त्यांची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. तिथे एक दिवस गेला की शेवटची तारीख एक दिवस गेली.

मराठीत काय? मी कार्डावर लिहिलं: सवड. ‘या कामाला चार दिवसांची सवड आहे.’ वाचून बघितलं, अडखळायला होत नाही. सहकाऱ्याने हरकत घेतली: “सवड माणसाला असते, कामाला नाही. कामाला सवड म्हटलं की वाटतं काम आराम करतंय.” मी म्हटलं, ‘लग्नाला अजून सवड आहे’ म्हणतोच की आपण, तिथे लग्न आराम करतं का? तो हसला, पण पूर्ण मानलं नाही. ‘उसंत’ सुचवून बघितला, त्यात दम खाणं आहे. ‘फुरसत’मध्ये तर लोळणंच आहे. ‘वाव’ जवळचा वाटतो, पण तो वेळेपेक्षा जागेला आणि संधीला जास्त शोभतो. सवडच राहिला.

एक गोष्ट कार्डात बसवायची आहे आणि बसत नाही. सवड ही एकेका कामाच्या नावावर लिहिलेली असते, पण पुष्कळदा ती अख्ख्या साखळीची मिळून एक असते. तीन कामं एकामागोमाग, प्रत्येकापुढे ‘स्लॅक ५ दिवस’. वाचणाऱ्याला वाटतं एकूण १५. पहिल्याने पाचही दिवस खाल्ले की उरलेल्या दोघांपुढे शून्य. हे ज्याने भोगलंय त्याला सांगावं लागत नाही. शेवटी उदाहरणवाक्यात घातलं: ‘पहिल्याच कामाने सगळी सवड खाल्ली.’

१४ जून

गणित. इथे दोन चिठ्ठ्यांनी अर्धा दिवस खाल्ला.

पहिली रेखीय प्रायोजनाची (लिनिअर प्रोग्रॅमिंग), म्हणजे ठरलेल्या मर्यादांत उत्तम तोडगा काढायच्या गणिताची. जॉर्ज डँट्झिगची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ची. अट अशी असते की अमुक यंत्र आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही. दोन वस्तू बनवायला लागणारे तास ‘क’ आणि ‘ख’ धरले तर क + ख ≤ ४०. ही ‘पेक्षा जास्त नाही’ची भाषा हाताळायला अवघड, म्हणून त्यात एक पद टाकतात: क + ख + श = ४०, आणि श शून्यापेक्षा कमी असता कामा नये. आता बरोबरचं चिन्ह आलं, गणित पुढे सरकलं. ३४ तास वापरले तर श म्हणजे ६. हाच स्लॅक. आणि उत्तम तोडग्यातही जर यंत्राचे सहा तास पडूनच राहत असतील तर आणखी एक तास विकत घेण्याला काडीचीही किंमत नाही, हे गणितानेच सिद्ध होतं. दुकानदाराला ते सिद्धतेशिवायही माहीत असतं.

‘शिल्लक’ हा शब्द इथे आपोआप आला (मी ‘श’ अक्षर त्याच्यासाठीच घेतलं होतं). अडचण अशी की याच विषयात ‘सरप्लस’ म्हणून उलटी राशी आहे: किमान ४० हवे होते, ४६ झाले, वरचे ६. मराठीत दोन्हीला शिल्लक म्हणून मोकळं होता येईल आणि विद्यार्थी कायमचा गोंधळेल. जमाखर्चाच्या भाषेतला ‘वाढावा’ आठवला. संस्थांच्या ताळेबंदात तो आहेच. तेव्हा स्लॅक शिल्लक, सरप्लस वाढावा.

दुसरी चिठ्ठी यंत्रशिक्षणातली, म्हणजे मशीन लर्निंगमधली. कोर्तेस आणि वापनिक यांच्या १९९५च्या सपोर्ट व्हेक्टर पद्धतीत बिंदूंच्या दोन गटांमध्ये रेषा आखायची असते आणि दोन्ही बाजूंना रिकामा पट्टा सोडायचा असतो. पण काही हट्टी बिंदू पट्ट्यात घुसतात, काही तर पलीकडे जातात. प्रत्येक बिंदूला थोडं घुसू द्यायचं आणि त्याचा दंड मोजायचा. या घुसखोरीच्या मापालाही स्लॅकच म्हणतात! म्हणजे पहिल्या चिठ्ठीत स्लॅक म्हणजे कुंपणाच्या आत किती जागा उरली, दुसरीत कुंपणाच्या बाहेर किती जाऊ दिलं. पहिल्याला शिल्लक ठीक, दुसऱ्याला फक्त ‘सूट’. दोन अर्थ वेगळे क्रमांक देऊन लिहिले. सर ओरडतील.

१६ जून

इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक.

चिपमध्ये संकेत एका जागेहून दुसरीकडे ठरलेल्या क्षणाआधी पोचला पाहिजे. पोचायची मुदत वजा प्रत्यक्ष पोचण्याची वेळ म्हणजे स्लॅक. चिपच्या घड्याळाचा ठोका १ गिगाहर्ट्झ असेल तर एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत १००० पिकोसेकंद. बाकी बारकावे सोडले आणि संकेत ९४०मध्ये पोचला, तर ६० हातात. १०३०मध्ये पोचला तर उणे ३०. उणे स्लॅक! दोरीत हा प्रकार नसतो. दोरी आखूड पडली तर ‘आखूड पडली’ म्हणतात, उणे सैल म्हणत नाहीत. सवड हाच शब्द इथेही चालवला: ‘३० पिकोसेकंद सवड कमी पडते.’ मराठीत उणेपणा क्रियापदावर ढकलता येतो, ही सोय आहे.

डिस्कवरचा स्लॅक समजायला सोपा. डिस्क फाइलला जागा ठराविक मापाच्या खणांनी देते. खण ४०९६ बाइटचा, फाइल ५००० बाइटची, तर खण दोन लागणार: ८१९२. उरलेले ३१९२ बाइट वाया. वाया म्हणावं तर तसंही नाही. त्या कोपऱ्यात पूर्वी पुसलेल्या फाइलचे तुकडे शिल्लक असू शकतात, आणि तपास करणारे तज्ज्ञ नेमकं तिथे उकरतात. ‘खणातली रिकामी जागा’ असं साधं लिहिलं.

विशेषनामं कोशात घेत नाही, पण चिठ्ठ्या होत्या म्हणून वहीत. १९९३चं स्लॅकवेअर लिनक्स, ही एक संगणकप्रणाली. आणि २०१३ साली आलेलं निरोपांचं ॲप, जे ‘ग्लिच’ नावाचा खेळ बंद पडल्यावर त्याच चमूने काढलं आणि जे सेल्सफोर्सने २०२१मध्ये २७.७ अब्ज डॉलरना घेतलं. त्याचं नाव म्हणे सगळं बोलणं आणि ज्ञान शोधता येईल अशा नोंदवहीची इंग्रजी आद्याक्षरं. दिवसभर टिंग-टिंग करणाऱ्या वस्तूचं नाव सैलपणावरून ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती हे नक्की.

१८ जून

कपडे. इंग्रजीत ‘स्लॅक्स’ म्हणजे सैलसर, रोजच्या वापराची पँट. मराठीत आपण स्लॅक्स म्हणतो ती पायाला चिकटलेली, ताणली जाणारी. कुडत्याखाली घालतो ती. ज्या वस्तूचं नाव ‘सैल’, तीच कपाटातली सगळ्यांत घट्ट! शब्द कानाने आला आणि अर्थ वाटेत कुठेतरी गळाला. दोन्ही अर्थ दिले, दुसऱ्यापुढे ‘मराठीत रूढ’ असं लिहून.

१९ जून

माणसं. ‘स्लॅकर’ला कामचुकार. यावर वाद नाही, चर्चाही नाही. क्रियापदाला अंग चोरणे, चालढकल करणे, कुचराई करणे. ही संपत्ती आपल्याकडे इतकी आहे की निवडणंच अवघड. अंग चोरणारा कामावर हजर असतो, चालढकल करणारा उद्या येतो म्हणतो, कुचराई करणारा काम करतो पण अर्धवट. इंग्रजी एका शब्दात तिघांना पकडतं आणि तिघेही थोडे थोडे सुटतात.

एक गंभीर चिठ्ठी. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत सैन्यभरती टाळणाऱ्याला स्लॅकर म्हणत. १९१८मध्ये न्यू यॉर्क आणि आसपास धाडी घालून रस्त्यावरच्या हजारो तरुणांना कागदपत्रांसाठी अडवलं, पकडलं. त्या धाडींचं नावही ‘स्लॅकर’ धाडी. कामचुकार हा शब्द तिथे फार हलका पडतो. ‘(युद्धकाळात) भरती टाळणारा’ असा वेगळा अर्थ टाकला.

अर्थशास्त्रज्ञ मात्र स्लॅक म्हणताना कुणाला दोष देत नाहीत. श्रमबाजारातला स्लॅक म्हणजे ज्यांना काम हवंय आणि मिळत नाही ते, आणि ज्यांना आणखी तास हवे आहेत पण अर्धवेळच काम मिळतं तेही. कामचुकाराच्या बरोबर उलट! सायर्ट आणि मार्च यांनी १९६३मध्ये संस्थांच्या बाबतीत हाच शब्द वापरला: संस्थेत गरजेपेक्षा थोडं जास्त माणूसबळ, पैसा, वेळ असतो, त्यावर ती धक्के सोसते. ‘न वापरलेली क्षमता’ लिहिलं. बाजाराच्या मंद दिवसांना ‘धंदा थंड’ हे बोलीतलं उदाहरण.

२१ जून

पाणी. भरतीचा प्रवाह थांबला आहे आणि ओहोटीचा अजून सुरू झालेला नाही, किंवा याच्या उलट, त्या वेळच्या पाण्याला स्लॅक वॉटर म्हणतात. जिथे साधारण १२ तास २५ मिनिटांचं चक्र आहे तिथे चक्रात दोनदा.

मी लिहिलं होतं ‘पूर्ण भरतीची वेळ’. ते खोडलं. अरुंद तोंडाच्या खाडीत बाहेर समुद्राची भरती पूर्ण झाली तरी आतली पातळी अजून खालीच असते, त्यामुळे पाणी आत येतच राहतं. आतबाहेर पातळी सारखी होईल तेव्हा ते थबकतं. म्हणजे पाण्याची उंची वेगळी, धाव वेगळी. ‘थबकपाणी’ असा शब्द घडवला, तासाभराने वाचला, लाज वाटली, खोडला. ‘भरती-ओहोटीच्या मधलं स्थिर पाणी’. लांब आहे, पण खरं आहे.

हवाईची गिटार: तारा मुद्दाम उतरवून सूर लावण्याची तिथली पद्धत ‘स्लॅक की’ म्हणून ओळखली जाते, हवाईयन नाव की होआलू. आपल्याकडे तारा ‘उतरवतात’च. दोन ओळींत छान बसलं. सबंध नोंदीतलं हे मला सगळ्यांत आवडलेलं कार्ड.

२३ जून

कोळशाचं कोडं सुटलं, आणि माझी फजिती. ‘स्लॅक’ कोळसा म्हणजे मंदीतला कोळसा नव्हे. तो बारीक कोळसा, चुरा. हा शब्दच निराळा आहे. बहुधा डच-जर्मन बाजूने आलेला, धातुमळी या अर्थाच्या ‘स्लॅग’चा भाऊबंद. सैलपणाशी संबंध नाही. दिसायला जुळे, आई वेगळी.

त्याच सपाट्यात तिसराही सापडला: उत्तर इंग्लंडच्या बोलीत स्लॅक म्हणजे उथळ दरी, खोलगा, नॉर्स भाषेतून आलेला. वाळूच्या टेकड्यांमधल्या ओलसर खोलगट जागेला पर्यावरणवाले आजही हेच म्हणतात. तर आता एका शब्दाऐवजी तीन नोंदी, स्लॅक १, २, ३. ‘मंदीच्या काळातला कोळसा’ ही चिठ्ठी फाडली नाही. वहीच्या मागच्या कप्प्यात ठेवली.

२६ जून

सरांना मसुदा दिला. त्यांनी ‘शिल्लक’ आणि ‘सूट’ एकत्र करायला सांगितलं. मी कुंपणाचं उदाहरण दिलं. ते गप्प बसले, मग म्हणाले, “राहू दे दोन.” सवडीवर काहीच बोलले नाहीत, फक्त पेन्सिलने बरोबरची खूण केली. ‘थबकपाणी’ खोडलेलं असूनही वाचता येत होतं. त्याखाली त्यांनी रेघ मारली होती. कौतुकाची की कशाची, विचारलं नाही.

३० जून

पानाची जुळणी करणाऱ्याचा फोन: “ताई, स्तंभात जागा नाही, तुमच्या नोंदीतल्या दोन ओळी काढाव्या लागतील.” सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, तांत्रिक काही काढू नका. सरांना विचारलं. ते म्हणाले, सवडीला हात लावू नका, बाकी तुम्ही बघा.

गिटार काढली.

पुढचं कार्ड स्लॅगचं. धातुमळी लिहून ठेवलंय, कोळशाच्या चिठ्ठ्या त्यालाच टाचल्या.